दुसरं ताट

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. परवा दुपारी तिनं फोटो पाठवला. काळ्या लांबट ताटलीत भाताच्या आठ वळकट्या, त्यांच्यावर गुलाबी माशाची पातळ चकती आणि बाजूला कसलीशी हिरवी गोळी. सोमवार ते शुक्रवार दुपारी तिथल्या एका जपानी सुशीच्या हॉटेलात स्वस्तात जेवण मिळतं, म्हणून ऑफिसातल्या तिघीजणी आठवड्यातून दोनदा तिथं जातात. मी फोन करून विचारलं, "मासा कच्चाच?" ती म्हणाली, "हो मम्मी, कच्चाच." आमच्याकडे कच्चं म्हणजे कांदा, मुळा, फार तर हिरवा हरभरा. मी विचारलं, कसं होतं मग? तर म्हणाली, "आज भात गार होता. मी मोबाईलवर दोनच तारे दिले. मालकाचा लगेच मेसेज आला, सॉरी म्हणून."

दोन तारे. पोरीनं जेवता जेवता अंगठ्यानं दोन तारे दाबले आणि हात धुवायला गेली. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की मी कारण नसताना फोन ठेवून दिला. राग तिचा नव्हता. मीसुद्धा एका ठिकाणी सोमवार ते शुक्रवार दुपारचं जेवले, चांगली चार वर्षं, आणि तिथं जे एक वाक्य बोलायचं होतं ते मला बोलता आलं नाही. ती खानावळ आता नाही. तिथं झेरॉक्सचं दुकान आहे.

खानावळ म्हणायचं, पण पाटी वगैरे नव्हती. वाशिमला कचेरीच्या मागच्या बोळीत एका मावशीचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मधल्या भिंतीत खिडकी. खिडकीतून ताट घ्यायचं, जेवायचं आणि अंगणातल्या नळावर आपलं ताट आपण विसळून पालथं घालायचं. वकील असो की शिपाई, हा नियम कोणाला चुकला नाही. सत्तर रुपयांत दोन भाकरी, वरण, भात, एक भाजी, जवसाची चटणी आणि कांदा. मंगळवारी अंबाडीची भाजी, गुरुवारी पातोडीचा रस्सा. कचेरीला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून खानावळीलाही सुट्टी. जेवणारे सगळे कचेरीच्या आसऱ्यानं जगणारे किंवा कचेरीपायी चपला झिजवणारे. अर्जनवीस, मुद्रांक विकणारे, अनसिंग-केनवडकडून तारखेला आलेले लोक.

मावशी साठीच्या पुढची, केनवडकडची, शेतकरी पाटलाच्या घरची. नवरा गेल्यावर तिनं हे सुरू केलं होतं आणि रांधणं, वाढणं, सगळं ती एकटी करायची. दुपारी वीस-बावीस ताटं. एवढ्यावर तिचं चालत होतं आणि मुलाबाळांच्या दारात जावं लागत नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, गर्वानं.

माझी बदली वाशिमच्या त्याच कचेरीत झाली तेव्हा नवरा अकोल्याला आणि मुलगी शिकायला पुण्यात. मी खोली घेऊन एकटी. एकटीसाठी डबा करायचा मला जन्माचा कंटाळा. पहिल्या दिवशी खानावळीत गेले तर चारही टेबलांवर पुरुष, आणि मी दारात उभी. कोणी सरकेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बाई, तिथं काहून उभ्या? आत या, इथं बसा."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. शेगडीच्या बाजूला पाट मांडलेला, आणि पाटाला लागूनच भिंतीतला कोनाडा, त्यात देव. मी उंबऱ्यातच थांबले. बसल्यावर कोणी उठवण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, हे मी फार लवकर शिकले होते. म्हटलं, "मावशी, मी बौद्ध हाय."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग? तुमाले भूक नाही लागत काय?"

मी बसले, आणि चार वर्षं तिथंच बसत राहिले.

ही गोष्ट एवढी मोठी का वाटली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. तसंही ते वाटेलच. माझी आई शिरपूरकडे लोकांच्या शेतात निंदणाला जायची. दुपारी मालकीण भाकर वरून टाकायची आणि आई पदरात झेलायची. भाकर कधी शिळी असायची, कधी तिला वास यायचा. मी नाक मुरडलं की आई चिमटा काढून सांगायची, "भेटलेल्या अन्नाले नाव नाही ठेवू." आणि तिची लेक आता एका पाटलाच्या घरातल्या बाईच्या देवाशेजारी मांडी घालून गरम भाकर खात होती. पहिला महिनाभर मला घासागणिक आईची आठवण यायची. मावशीला याची काही कल्पना नव्हती. तिच्या लेखी तिनं एका उभ्या बाईला बसवलं होतं, संपलं.

मावशीच्या स्वयंपाकाची एक रीत होती. रांधून झालं की आधी देवाला छोट्या ताटलीत नैवेद्य आणि मग खिडकी उघडायची. नैवेद्याच्या आधी ती काहीच चाखायची नाही. चाखलं की उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही. मग मीठ कसं कळायचं? वासावरून. भाजीच्या पातेल्याचं झाकण उचलायची, डोळे मिटून वाफेवर नाक धरायची आणि म्हणायची, "थोडं मीठ मागते." चिमूटभर टाकायची, पुन्हा नाक धरायची. मी तिला म्हणायचे, मावशी, तुमचं नाक सोन्यानं मढवा. एका दिवशीही मीठ इकडचं तिकडे झालं नाही.

मग एका दिवाळीनंतर तिला ताप आला. खानावळ दहा दिवस बंद होती. आम्ही सगळे मोकाट ढोरांसारखे इकडे तिकडे वडापाव खात फिरलो. ती उठली तेव्हा वाळून गेली होती, पण पहिल्याच दिवशी बावीस ताटं केली. मला म्हणाली, "तोंडाले चवच नाही बाई. मातीच खाऊन राह्यली असं वाटते. येईन हळूहळू."

आठ-दहा दिवसांनी माझ्यासमोर दूध उतू गेलं, शेगडीवर जळालं, घरभर करपट वास. मावशी दोन हातांवर, शेगडीकडे पाठ करून कांदा चिरत बसलेली. मीच उठून गॅस बंद केला. ती म्हणाली, "अवो, दिसलंच नाही मले." दिसायचा प्रश्न नव्हता. तिला वास येत नव्हता. ते मला त्या क्षणी कळलं आणि मी कापड घेऊन शेगडी पुसायला लागले.

त्याच सुमाराला दोन गोष्टी बदलल्या. आधी मी एक वाजता, सगळ्यांबरोबर जेवायचे. आता मावशी म्हणाली, "तुमी साडेबाराले येत जा. गर्दीच्या आधी." देवाचं ताट झालं की दुसरं ताट माझं. मग खिडकी उघडायची. आणि जेवताना ती समोर बसून विचारायची, "कसं झालं?" आधी तीन वर्षांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. मला वाटलं, आजारपणानं बाई हळवी झाली, आपल्यावर जीव लावला. मला फार बरं वाटायचं. दुसऱ्या ताटाचा मान! पहिला घास घेतला की मी लगेच म्हणायचे, "मस्त झालं मावशी."

आणि मस्त होत नव्हतं. कधी वरण अळणी, कधी भाजी इतकी खारट की जीभ गोळा व्हायची. अळण्याला इलाज असतो, वरून मीठ घेता येतं. खारटाला काय करणार? मी भाकरीचा तुकडा मोठा आणि भाजीचं बोट लहान करत जायचे. कधी गुरुवारचा रस्सा उत्तम व्हायचा, कारण त्या दिवशी हात बरोबर पडलेला असायचा. शुक्रवारी पुन्हा समुद्र. रोज जुगार.

पुढच्या खोलीतलं नाटक तर बघण्यासारखं होतं. एकानंही तक्रार केली नाही. कोणी लिंबू खिशातून आणायचा. कोणी कांद्यावर कांदा मागायचा. एक स्टॅम्पवाला म्हणाला, डॉक्टरनं भाजी बंद केली. भाजी बंद करणारा डॉक्टर वाशिमात कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही. दुसरा म्हणाला, घरून डबा यायला लागला, आणि मी त्याला कोपऱ्यावरच्या गाड्यावर आलूबोंडा खाताना पाहिला. मला बघून त्यानं पाठ फिरवली. आपल्याकडे माणूस लग्नात जावयाला तोंडावर शिव्या देईल, पण पंगतीत भाजी खारट म्हणणार नाही. बावीसची अठरा झाली, संक्रांतीपर्यंत बारा. मावशी म्हणायची, "यंदा तारखाच कमी पडून राह्यल्या वाटते." कचेरीत पाय ठेवायला जागा नसायची.

एक म्हातारे अर्जनवीस होते, खानावळीच्या पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. त्यांनी मला कचेरीच्या जिन्यात गाठलं.

"मॅडम, तुमी आत बसता. तुमी सांगा ना तिले."

"तुमी काहून नाही सांगत?"

"मी कसा सांगू? पंधरा वर्सं तिच्या हातचं खाल्लं. आन तुमची जीभ तं साहेबालेबी सोडत नाही."

खरं होतं. ऑफिसात माझं नाव निघालं की लोक फायली सरळ करतात. एका साहेबाला मी भर बैठकीत म्हटलं होतं की तुमचा आदेशच चुकीचा आहे, आणि तो चुकीचा होता. मला वाटलं, एक वाक्य तर आहे. मावशी, मीठ जास्त झालं. चार शब्द. मी म्हाताऱ्यांना वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसले. वांग्याची भाजी, तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. मावशी समोर बसली, पदरानं कपाळ पुसलं. "कसं झालं?"

"मावशी," मी म्हटलं, "आज जरा..."

"काय?"

"पानी द्या."

तिनं पाणी दिलं. मी दोन पेले प्याले आणि म्हटलं, मस्त झालं. बाहेर जाताना म्हाताऱ्यांनी भुवया उडवल्या. मी नाही म्हणून मान हलवली. ते उठले. चूळ भरून ताट विसळलं आणि गेले.

दिवाळीपासून सगळं मिळून असं चार महिने. मी कितीदा घरून ठरवून निघाले त्याला हिशेब नाही. आरशासमोर बोलून पाहिलं. एकदा म्हटलं, मावशी, मी लवकर येते, मीठ मी टाकते. तर ती म्हणाली, "तुमी नोकरी करून थकून येता, बसा गुमान." एकदा वाटलं, चिठ्ठी लिहून कोनाड्यात ठेवावी, पण तिला वाचता येत नव्हतं. स्वतःवर चिडायचे, रात्री आईवरही चिडायचे, की काय शिकवून ठेवलंस मला. जिनं मला देवाजवळ बसवलं, तिच्या अन्नात खोट काढायची? आपली लायकी सोडली, असं वाटेल तिला. तिला नाही, मला वाटेल. इतकं शिकून, इतकी भांडून मी तिथं पाटावर बसले की पुन्हा पदर पसरलेली बाई होत होते, आणि ते मला कळत होतं, आणि तरी काही करता येत नव्हतं.

मार्चच्या तोंडावर आमच्या ऑफिसात दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. सहाही तालुक्यांतून साठ माणसं येणार होती. जेवण कोणाकडून घ्यायचं हा प्रश्न निघाला आणि अर्जनवीस बाबांनी बाहेरूनच आमच्या बड्या बाबूला मावशीचं नाव सुचवलं. पुढं दर महिन्याला अशी प्रशिक्षणं होणार होती. जेवण आवडलं तर सगळी मावशीकडेच. बाबांचं मन मी ओळखते. सात-आठ ताटांवर आलेली खानावळ त्यांना एका फटक्यात उभी करायची होती. मीठ नीट पडेल याची जबाबदारी अर्थातच माझी. "मॅडम, त्या दिवशी तरी," एवढंच ते म्हणाले.

मावशीला काय आनंद! शेजारणीकडून दोन मोठी पातेली आणली. आदल्या दिवशी शेंगदाणे भाजून ठेवले. मला म्हणाली, "हे जमलं तं पाह्यजा, पोराले फोन करून सांगतो, तुझ्या मायले सरकारी काम भेटलं म्हून."

त्या दिवशी मी साडेअकरालाच एक फाईल काखेत मारून ऑफिसातून सटकले. स्वयंपाक झाला होता. नैवेद्य दाखवून झाला होता. मावशीनं दुसरं ताट वाढलं. मी बसले नाही, उभ्याउभ्याच घास घेतला. आलू-वांग्याची भाजी विषासारखी खारट. वरणाचा भुरका मारला, तर त्यात मिठाचा कणही नाही. मला लख्ख कळलं काय झालं ते. दोन पातेली शेजारी शेजारी, आणि दोन्हींचं मीठ तिनं एकाच पातेल्यात टाकलं होतं. वास आला असता तर तिला तिथल्या तिथं समजलं असतं.

वेळ होता. हे मला आजही छळतं. वीस मिनिटं होती. वरणात मीठ टाकायला एक मिनिट पुरलं असतं. भाजीत दाण्याचं कूट, उकडलेले आलू, गरम पाणी घालून ती निम्मी तरी सावरली असती. मला स्वयंपाक येतो, मी काही बड्या घरची नाही.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. म्हणाली, "सांगा. खरं सांगा बाई, आज."

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. माझ्या तोंडात ती भाजी होती. मी ती गिळली.

"झकास झालं मावशी," मी म्हटलं.

ती हसली. पातेल्यांना फडकी बांधली, ऑटोवाल्याच्या मदतीनं उचलली. मी ऑटोच्या मागोमाग चालत ऑफिसात आले. चालताना मला वाटत होतं, ऑटो खड्ड्यात जावा, उलटावा, सगळं रस्त्यावर सांडावं. आमच्या रस्त्याला खड्ड्यांची कमी नाही, पण त्या दिवशी ऑटोवाला फार जपून चालवत होता.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हजेरीचा कागद माझ्याकडे होता, त्यामुळं मला दारातच उभं राहावं लागलं. साठ माणसं जेवायला बसली आणि कोणी काही बोललं नाही. दोन घास खाऊन माणसं पाणी पीत होती, भाताशी खेळत होती. काहींनी भाकरी कोरडीच चटणीशी खाल्ली. एकमेकांकडे बघत होती आणि नजर चुकवत होती. मावशी पातेल्यापाशी उभी राहून म्हणत होती, "घ्या ना, भाजी घ्या, लाजू नका." कोणी घेईना. आमचे बडे बाबू गोड आवाजात म्हणाले, "मावशी, उद्याचं राहू द्या. उद्या अर्धाच दिवस हाय." उद्या पूर्ण दिवस होता.

मावशीनं भाजीच्या पातेल्यात पाहिलं. जवळजवळ भरलेलं. ती म्हणाली, "एवढी कशी उरली हो?"

कोपऱ्यात एक ड्रायव्हर जेवत होता, रिसोडच्या साहेबाच्या गाडीवरचा. तो त्या दिवसाआधी तिला कधी भेटला नव्हता. तो हसत म्हणाला, "मावशी, भाजीत मीठ दोनदा पडलं ना. आन वरनात टाकलंच नाही तुमी."

बस्स. इतकंच. आकाश कोसळलं नाही. मला चार महिने जमलं नव्हतं ते त्यानं भात कालवता कालवता सांगून टाकलं आणि पुढचा घास घेतला.

मावशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे, माझ्याकडे बघत होती. मी हातातला हजेरीचा कागद बघायला लागले. त्यावर सह्या होत्या, साठ. मी त्या एकेक वाचल्या. मान वर केली तेव्हा ती फडकी बांधत होती.

त्या रात्री मी जेवले नाही. उपास करून काय होणार होतं. सकाळी वाटलं, जाऊच नये. मग वाटलं, एवढी तरी लाज ठेव, जा. साडेबाराला गेले. पुढची खोली रिकामी होती. मावशी आत पाटावर बसली होती, माझ्या पाटावर. शेगडीवर वरणाचं पातेलं होतं, वाफ निघत होती. नैवेद्याची ताटली कोनाड्यात ठेवलेली.

मी जमिनीवर बसले. म्हटलं, "मावशी, माफ करा."

"कवापासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासून."

"तवापासून खारट?"

"कधी खारट, कधी अळनी. कधी बरोबर."

ती इतक्या शांतपणे म्हणाली, की ओरडली असती तर बरं झालं असतं, "मले ठाऊक होतं ना, नाकाचा वास गेला ते, जिभेची चवबी. तापातच कळलं. कोनाले सांगितलं नाही, लोक येनं बंद होतीन म्हून. मी तुमाले लवकर काहून बलावत होती? देवाले आधी देतो, पन देव काही बोलत नाही. म्हून दुसरं ताट तुमाले देत होती. सारी कचेरी म्हनते, हे बाई कोनाची भीड ठेवत नाही. मले वाटलं, बिघडलं तं हेच सांगन."

मला काय वाटलं ते मी कितीही लिहिलं तरी कमीच पडेल. चार महिने मी ज्याला मान समजत होते ते काम होतं. तिनं आपलं गेलेलं नाक विश्वासानं माझ्या हवाली केलं होतं, बरोबरीच्या बाईला द्यावं तसं. आणि मी उपकार फेडत बसले होते. तिनं मला पहिल्या दिवशी पाटावर बसवलं होतं, मीच कधी नीट बसले नव्हते. मला रडू आलं. तिला नाही आलं.

ती उठली. पातेल्यातून वाटीभर वरण काढलं, माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "आज चमच्यानं मोजून टाकलं मीठ. शेजारनीले इचारलं, किती वरनाले किती. जल्मात मोजलं नव्हतं. सांगा."

मी वाटी तोंडाला लावली. पहिला भुरका घेतला, मग दुसरा, खात्री करायला. मीठ बरोबर होतं. इतकं बरोबर की आजारपणाच्या आधीची वरणाची चव तोंडात आली, जिरं, लसूण, हिंगाचा वास, सगळं जागच्या जागी. मला हुंदका आवरेना. मी म्हटलं, "मावशी, बरोबर हाय. मीठ एकदम बरोबर हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आईची शपथ घेतो मावशी. खरंच बरोबर हाय. घ्या, वाढा सगळ्यायले."

तिनं हात लांब करून गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर फडकं टाकलं. तेवढ्यात पुढच्या खोलीत चपला वाजल्या. अर्जनवीस बाबा आले होते, सवयीप्रमाणं एक वाजता. ते खिडकीशी येऊन वाकले, हसत म्हणाले, "वास तं लय झकास येऊन राह्यला आज."

मावशीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आज जेवन झालं नाही बाबा," ती म्हणाली, आणि तिनं खिडकी लावून घेतली.